चिऱ्याची भिंत दरवर्षी प्रेशर वॉशरने धुता, तरी गणपतीपर्यंत पुन्हा हिरवी का होते?

तक्रार सगळ्यांची एकच असते. मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की मशीन बाहेर निघतं, घराची चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत, जोतं, कंपाउंड, अंगणातले पेव्हर सगळं धुऊन काढतात, भिंत लालबुंद दिसायला लागते, घरातले सगळे खूश, आणि मग पाऊस लागला की जुलैअखेरीस खालच्या दोन थरांवर हिरवी झाक, गणपतीला हिरवीगार, आणि दिवाळीला बघाल तर काळीठिक्कर. पुढच्या मे महिन्यात परत तेच. जे चार-पाच वर्षं हे करतायत ते वर अजून एक गोष्ट सांगतात, की दरवर्षी शेवाळ आधीपेक्षा लवकर धरतं. लोकांना वाटतं हा आपला भास असेल. भास नाहीये, खरंच लवकर धरतं, आणि त्याचं कारण ते मशीन ज्या पद्धतीने वापरलं जातं त्यात आहे.

मी रत्नागिरी-सिंधुदुर्ग भागात घरांच्या डागडुजीची कामं घेतो, त्यात हे धुण्याचं काम भरपूर असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो: शेवाळ आधी औषधाने मारायचं, मेलं की कमी प्रेशरने धुवायचं, आणि भिंतीवर पाणी जिथून येतंय ते बंद करायचं. नुसतं पाणी कितीही जोरात मारलं तरी हा प्रश्न सुटणारा नाही.

आधी भिंतीवर नक्की काय आहे ते बघा

काळं दिसलं म्हणजे शेवाळच असं नाही. कापसाचा बोळा पातळ ब्लीचमध्ये बुडवून डागावर टेकवा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. रंग उतरला तर तो डाग जिवंत वाढीचा आहे. काहीच फरक पडला नाही तर धूर, गंज, डांबर किंवा रंगाचे ओघळ असं काहीतरी आहे आणि त्याचा इलाज वेगळा.

हिरवं असतं ते शैवाल, हे सगळ्यांना माहिती आहे. काळं जे असतं ते आपल्याकडे बहुतेक वेळा सायनोबॅक्टेरिया (निळे-हिरवे जिवाणू) आणि बुरशी यांचा एकत्र थर असतो, उन्हात वाळला की काळा कागद चिकटवल्यासारखा दिसतो आणि बोट ओलं करून घासलं की बोटाला काळपट हिरवा चिकट राप लागतो. काही भिंतींवर नारिंगी-तांबूस मखमली डाग येतात, लोक त्याला गंज समजतात आणि ॲसिड मारतात. तेही शैवालच असतं, ट्रेंटेपोहलिया नावाचं, त्याच्यात केशरी रंगद्रव्य जास्त म्हणून हिरवं दिसत नाही एवढंच. गोल गोल पांढुरके-राखाडी चट्टे असतील तर ते लायकेन, म्हणजे आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलाचे भाऊबंद. हे सगळ्यात चिवट, आणि ते दगडात घट्ट रुतलेले असतात त्यामुळे खरवडायला गेलात तर दगडाचे कण सोबत घेऊनच निघतात.

आणि पांढरी पावडर असेल, बोटाला मिठासारखी लागत असेल, तर तो लोणा. त्याला पाण्याचं मशीन अजिबात लावू नका. लोणा म्हणजे भिंतीतले क्षार पाण्यात विरघळून बाहेर आलेत आणि पाणी उडून गेल्यावर तिथेच राहिलेत. तुम्ही धुतलंत की ते परत विरघळून आत जातात आणि महिन्याभरात दुप्पट जोमाने बाहेर येतात. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, खाली पडलेली पावडर उचलून लांब टाकायची आणि भिंतीत ओल कुठून येतेय ते शोधायचं.

मशीन मारून परत का येतं

चिरा वरून कितीही कडक दिसला तरी आतून भोकाभोकांचा असतो. चिऱ्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३६२०, त्यात चांगल्या चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलं तर चालतं. म्हणजे तीस किलोचा एक चिरा साडेतीन लिटरच्या वर पाणी पोटात ठेवू शकतो, आणि हा मानकात बसणारा चिरा झाला, सगळ्याच खाणींचा माल तेवढा चांगला असतो असं नाही. शेवाळ पृष्ठभागावर जेवढं दिसतं तेवढंच नसतं, त्या भोकांमध्येही असतं. मशीनच्या पाण्याने वरचा थर जातो, आतला राहतो. गवत विळ्याने कापल्यावर मुळं जमिनीतच राहतात, तसं.

त्यात आपण धुतो कधी, तर मे महिन्यात. तेव्हा हा काळा थर कडकडीत वाळलेला असतो आणि मेलेला वाटतो, पण मेलेला नसतो. सायनोबॅक्टेरिया महिनोन् महिने वाळून पडून राहू शकतात आणि पाणी मिळालं की परत कामाला लागतात. तुम्ही वरचं काढून आतल्याला मोकळी जागा करून दिलीत, धुताना भिंतीला पोटभर पाणी पाजलंत, आणि आठ-पंधरा दिवसांत मृग लागतो. अजून काय पाहिजे त्याला.

आता दुसरं कारण, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत, उन्हात राहून वरून कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळातल्या अंगाडीपुरमजवळ हा दगड बघून १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटराइट नाव दिलं, त्यानेही हेच नोंदवलंय, की काढताना लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि नंतर हवेने कडक होतो. म्हणजे वर्षानुवर्षं उघड्या राहिलेल्या भिंतीचा बाहेरचा जो कडक पापुद्रा आहे तेच तिचं संरक्षण. आता मशीनचा हिशोब बघा. त्याच मानकात चिऱ्याने किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब सोसायला हवा असं आहे, म्हणजे साधारण ३५ बार. घरगुती मशीन चालताना १०० बारच्या आसपास देतं. ही तुलना अगदी काटेकोर नाही, कारण नोझलपासून लांब गेलं की पाण्याचा मार झपाट्याने कमी होतो, पण आपल्याकडे माणूस डाग निघत नाही म्हणून नोझल भिंतीपासून चार बोटांवर नेतो, आणि तिथे पाणी दगड कापतं यात शंका नाही.

खात्री करायची असेल तर अशा धुतलेल्या भिंतीला तिरप्या उन्हात, संध्याकाळी पाच-साडेपाचला, बाजूने बघा. नागमोडी पट्टे दिसतील, जिथे जिथे गन फिरली तिथे दगड खोल गेलेला. चिऱ्यात मधे मधे पिवळट-पांढरी माती असते, ती वाहून गेलेली असते आणि बोटाचं पेर जाईल अशी भोकं उघडी पडलेली असतात. खाली जोत्यापाशी लाल चिखल साचलेला असतो, लोक त्याला घाण निघाली म्हणतात, पण ती घाण नसते, ती तुमची भिंत असते. एवढा खडबडीत झालेला पृष्ठभाग जास्त पाणी धरतो, उशिरा वाळतो, शेवाळाला बसायला जास्त जागा देतो. म्हणून दरवर्षी लवकर.

दर्जांचंही, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यांचंही तेच. जुन्या घरात चुन्याच्या किंवा मातीच्या दर्जा असतील तर मशीनने त्या एका फेरीत उखडतात आणि तिथून पाणी थेट आतल्या खोलीत.

कुठे मशीन लावायचंच नाही

कौलांवर नाही. मंगलोरी कौलं वरून खाली येणाऱ्या पाण्यासाठी एकमेकांवर बसवलेली असतात, खालून किंवा बाजूने जोरात पाणी मारलं की ते सरळ आत शिरतं, रिपा-वासे भिजतात, आणि कौलाचा गुळगुळीत पृष्ठभाग गेला की कौल पाणी प्यायला लागतं ते वेगळंच. कौलांवरचं शेवाळ वाळल्यावर मऊ झाडूने काढा, औषध फवारा, बाकीचं पाऊस धुतो. शिवाय मशीनच्या पाण्याने ओल्या झालेल्या शेवाळी छपरावर माणूस चढवणं म्हणजे अपघाताला बोलावणं आहे.

गडग्याला तर हातच लावू नका. सुट्या दगडांचा तो बांध आहे, त्याच्यावर पावसात शेवाळ, नेचे, रानफुलं येणारच, आणि ते असावंच. त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

मीटर बॉक्स, बाहेरचे स्विचबोर्ड, एसीचं बाहेरचं युनिट, स्लायडिंग खिडक्यांचे रबर, दाराच्या फटी इथेही नाही. प्लास्टर पोपडे धरून असेल किंवा केसासारख्या भेगा असतील तर तिथेही नाही, कारण पाणी भेगेतून आत जातं आणि पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात, आणि मग दोष रंगाला दिला जातो.

औषध कोणतं आणि कसं

दोन पर्याय आहेत, दोन्ही आपल्याकडे मिळतात.

पहिला सोडियम हायपोक्लोराइट, दुकानात नुसतं हायपो मागितलं तरी देतात. कॅनमध्ये मिळतं ते साधारण १० टक्क्यांचं असतं, त्यात एक भाग हायपोला चार भाग पाणी घातलं की २ टक्क्यांचं होतं आणि भिंतीला ते पुरतं. घरगुती ब्लीच ४-५ टक्क्यांचं असतं, त्याला जवळपास तेवढंच पाणी, थोडं जास्त चालेल. हायपो उन्हात आणि गरम जागेत पडून राहिलं की त्याचा जोर कमी होत जातो, म्हणून दुकानाबाहेर उन्हात ठेवलेला जुना कॅन घेऊ नका, ताजं घ्या आणि आठवडाभरात संपवा. हायपो नाहीच मिळालं तर ब्लीचिंग पावडर, दहा लिटर पाण्याला साधारण ६०० ग्रॅम, ढवळून रात्रभर झाकून ठेवायचं आणि सकाळी वरचं निवळलेलं पाणी तेवढंच घ्यायचं, खालचा चुन्यासारखा गाळ भिंतीवर गेला तर पांढरे डाग राहतात.

दुसरा पर्याय बीकेसी, म्हणजे बेन्झाल्कोनियम क्लोराइड. कोळंबी तलाववाल्यांना आणि पोल्ट्रीवाल्यांना हे नाव ओळखीचं असेल, त्यांच्या दुकानात ५० टक्क्यांचं मिळतं. दहा लिटर पाण्यात ३०० मिलीलिटर टाकलं की दीड टक्क्याचं होतं. हायपोसारखा रंग लगेच उतरत नाही याने, मारल्यावर दुसऱ्या दिवशी भिंत तशीच दिसते आणि मालकाचा फोन येतो की काहीच झालं नाही. थांबावं लागतं. दोन-तीन आठवड्यांत हिरवं तपकिरी पडतं, काळं सुटायला लागतं, लायकेन तर अजून उशिरा आणि त्याला दोनदा मारावं लागतं. पण ते भोकांत राहतं आणि धुवावं लागत नाही, त्यामुळे परत यायला जास्त वेळ लागतो. माझं मत विचाराल तर उघड्या चिऱ्याला बीकेसी आणि प्लास्टरला हायपो. हायपो नीट धुतलं नाही तर मागे मीठ राहतं, आणि चिऱ्यासारख्या पाणी पिणाऱ्या दगडात मीठ गेलं की लोणा फुटायची भीती असते.

दोन्ही कधीही एकत्र करू नका. बीकेसीमध्ये कपड्यांचा साबण किंवा भांड्यांचं लिक्विडही घालू नका, त्याने बीकेसी निकामी होतं. आणि हायपोबरोबर ॲसिड तर चुकूनही नाही. आपल्याकडे फरशी धुवायला ॲसिड वापरायची सवय आहे, तीच बादली, तोच मग उचलला जातो, आणि दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो जो माणसाचं फुप्फुस जाळतो. तसंही ॲसिडचं भिंतीवर काही काम नाही, सिमेंटच्या दर्जा खातं आणि चिऱ्यावर पिवळे ओघळ सोडतं.

मारायला आंब्या-सुपारीचा पाठीवरचा फवारणी पंप चालतो. फक्त तणनाशकाचा पंप नको आणि काम झाल्यावर पंप तीन-चार पाण्याने धुवा, नाहीतर पुढच्या फवारणीत उरलेलं औषध बागेवर जातं. फवारा कमी दाबाने, थेंब मोठा ठेवून, खालून वर मारत जायचं, म्हणजे ओघळांचे पट्टे पडत नाहीत. हातमोजे, चष्मा, गमबूट आणि पूर्ण बाहीचा शर्ट. वारा असेल तर काम उद्यावर टाका.

झाडांची काळजी घ्या. भिंतीलगतची जास्वंद, क्रोटन, तुळस आधी साध्या पाण्याने भरपूर भिजवा, प्लास्टिक टाका, नंतर परत पाणी द्या. तुळशी वृंदावनावर औषध मारूच नका, तिथे ओला नायलॉन ब्रश आणि हाताने घासणं. विहिरीच्या कठड्याला आणि विहिरीपासून उताराच्या वरच्या बाजूला असलेल्या भिंतीलाही हे लागू, ते पाणी कुठे जिरणार याचा आधी विचार करा. बीकेसी माशांना फार घातक असतं, ओहोळात किंवा तळीत जाऊ देऊ नका. लोखंडी ग्रिल आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हायपो उडालं तर लगेच धुवा.

हायपो मारलं की १५-२० मिनिटं ओलं राहू द्या, वाळायला लागलं तर अजून हलका फवारा, आणि मग धुवा. बीकेसीला किमान एक पूर्ण कोरडा दिवस मिळाला पाहिजे, पाऊस आला तर वाहून गेलं.

आता मशीन

शेवाळ मेलं की ते इतक्या सहज निघतं की जोराची गरजच राहत नाही. हिरवं किंवा पांढरं नोझल घ्या, हिरवं म्हणजे २५ अंशांचा पंखा आणि पांढरं ४० अंशांचा. लाल नोझल, जे एका धारेत पाणी सोडतं, ते भिंतीच्या कामाला पिशवीतून काढूच नका. गोल फिरणारं टर्बो नोझल पेव्हर आणि काँक्रीटसाठी आहे, चिऱ्यावर आणि प्लास्टरवर त्याने गोल गोल रेघा पडतात. अंतर दीड ते दोन फूट. आधी पायरीच्या मागे किंवा कुठेतरी न दिसणाऱ्या चिऱ्यावर मारून बघा, पाण्यात लाल रंग येतोय का. यायला लागला तर अजून मागे सरका. वरून खाली धुवायचं, धार जरा खाली झुकलेली ठेवायची, दर्जेत सरळ घुसवायची नाही.

शिडीवर उभं राहून गन चालवू नका, ट्रिगर दाबला की गन मागे ढकलते. लांब लान्स (गनची पुढची नळी) लावा आणि जमिनीवरून करा. आणि धार कोणाच्या हातापायावर गेली, बारीक टोचल्यासारखं छिद्र दिसलं, तर हळद लावून घरी बसायचं नाही, ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, कारण बाहेरून बारीक दिसलं तरी पाणी आत मांसात शिरलेलं असतं. प्लग थ्री पिन, अर्थिंग चालू, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय मशीन लावायचं नाही.

पेव्हर धुताना दोन ब्लॉकमधली ग्रिट (बारीक खडी) उडून जाते, ती वाळल्यावर परत भरलीच पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात ब्लॉक हलायला लागतात आणि त्या फटींत माती बसून परत हिरवं.

मशीनच नीट चालत नसेल, म्हणजे प्रेशर धपधप कमी-जास्त होतंय, तर दहातली नऊ वेळा मशीन बिघडलेलं नसतं, पाणी कमी पडत असतं. घरगुती मशीनला मिनिटाला ६-७ लिटर लागतात. टाकीच्या नळाखाली दहा लिटरची बादली लावून घड्याळ बघा, मिनिटाभरात भरली तर ठीक, दोन मिनिटं लागत असतील तर मशीन हवा ओढणारच. टाकी दहा मीटर उंचीवर असली तरच एक बार दाब मिळतो आणि आपल्या घरांवर टाकी एवढी उंच कुठे असते, त्यामुळे पाइप पाऊण इंची वापरा, छोटा ठेवा, पीळ पडू देऊ नका. मोटर चालू करण्याआधी गनचा ट्रिगर दाबून मिनिटभर पाणी तसंच वाहू द्या, पाइपातली हवा निघून जाते. पाणी आत जातं तिथली जाळी काढून धुवा, विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याने ती लाल गाळाने भरते. नोझलचं भोक बारीक तारेने साफ करा. मोटर नुसती घूं करत असेल आणि उचलत नसेल तर एक्स्टेन्शनची वायर बारीक असते, अडीच एमएमची घ्या, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडतं त्या वेळी काम करू नका. हे सगळं करूनही ट्रिगर सोडलेला असताना मोटर आपोआप चालू-बंद होत राहिली तर आतलं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय, ते मात्र मेकॅनिककडे. आणि हायपो मशीनच्या पंपातून कधीही ओढू नका, सील आणि धातूचे पार्ट खातं.

पाणी तोडा, हेच खरं काम

रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा भिंत ओली होणार हे धरूनच चाला. पण एक भिंत तासाभरात निथळते आणि दुसरी चार महिने ओली राहते, फरक तिथे आहे. पावसात छत्री घेऊन घराभोवती एक चक्कर मारा, यापेक्षा चांगली तपासणी नाही.

जमिनीपासून दोन फुटांपर्यंतच हिरवं असेल तर ते पागोळ्यांचं. पागोळी जमिनीवर पडते, चिखलासकट भिंतीवर उडते. पन्हळ लावा, नाहीतर पागोळ्या पडतात त्या पट्ट्यात माती काढून जाड खडी टाका, पाणी उडायचंच बंद होतं. खडीचा खर्च मशीनच्या भाड्याहून फार नसतो.

खिडकीच्या दोन्ही कोपऱ्यांखाली काळ्या मिशा दिसत असतील तर वेदरशेडच्या (छज्ज्याच्या) किंवा सिलच्या (खिडकीखालच्या पट्टीच्या) खालच्या कडेला पाणी तोडायला खाच नाहीये, पाणी कडेवरून वळून भिंतीवर उतरतं. ग्राइंडरने बोटाएवढी खाच मारून घ्या किंवा ॲल्युमिनियमची छोटी पट्टी लावा. कंपाउंडच्या माथ्यावरचं कोपिंग, म्हणजे भिंतीवरचा झाकणाचा थर, सपाट असेल तर वरून पाणी आत जिरत राहतं आणि अख्खी भिंत काळी होते, कोपिंगला एका बाजूला उतार आणि भिंतीच्या दोन इंच बाहेर आलेली कड पाहिजे. टाकीचा ओव्हरफ्लो, एसीचा पाइप, गच्चीचा तुटका पन्हाळा, भिंतीला टेकवलेली लाकडं आणि चढवलेली माती, हे सगळं बघा. उत्तरेच्या भिंतीला ऊन कमी लागतं, तिथे फणसाची-आंब्याची एखादी आडवी फांदी छाटली तरी खूप फरक पडतो, झाड तोडायची गरज नसते. नैऋत्येकडून येणारी झड ज्या भिंतीवर बसते तिथे पूर्वी नारळाची विणलेली झापं बांधायचे, आता लोक हिरवी जाळी किंवा पत्रा लावतात. ती पद्धत उत्तमच होती, फक्त जाळी भिंतीला चिकटवू नका, वीतभर हवा खेळू द्या.

मग वरून काय लावायचं

चिऱ्यावर चकचकीत वॉर्निश किंवा लॅकर मारायची फॅशन आलीये. माझा त्याला ठाम विरोध आहे. वरून बंद, पण चिरा जमिनीतून आणि मागच्या बाजूने पाणी पितोच, ते अडकतं, दोन पावसांत वॉर्निश पांढुरकं पडून पापुद्रे निघतात आणि त्या पापुद्र्यांखाली शेवाळ मजेत वाढतं. त्याऐवजी सायलेन-सिलॉक्सेनचं वॉटर रिपेलंट घ्या. ते दगडात मुरतं, वर पापुद्रा करत नाही, पाणी आत घेत नाही पण आतली वाफ बाहेर जाऊ देतं. काम झाल्यावर भिंतीवर पाणी शिंपडा, थेंब घरंगळले पाहिजेत, दगड काळवंडला नाही पाहिजे. जिथे काळवंडेल तिथे लागलं नाही असं समजा. हे कायमचं नसतं, दर उन्हाळ्यात अशीच पाणी शिंपडून तपासणी करायची आणि दगड परत पाणी प्यायला लागला की नवा हात. त्याआधी उखडलेल्या दर्जा भरून घ्या, जुनं घर चुन्याचं असेल तर चुन्यानेच, सिमेंटने नाही.

चुन्यावरून सांगतो, आपल्याकडे दरवर्षी भिंतींना चुना काढायचे त्यामागे दिसण्यापलीकडे कारण होतं. ताजा चुना इतका अल्कधर्मी असतो की त्याच्यावर शेवाळ जगत नाही, हवेने हळूहळू तो गुण कमी होतो, म्हणून दरवर्षी. कंपाउंड, गोठा, विहिरीचा कठडा अशा ठिकाणी आजही यापेक्षा स्वस्त आणि निर्धोक काही नाही.

प्लास्टरला रंग देणार असाल तर धुतल्यावर घाई नको. एक फूट बाय एक फूट प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा, दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, थांबा.

वेळापत्रक बदला

मे महिना या कामाला चुकीचा आहे. विहिरी तळाला गेलेल्या असतात, एका तासाला मशीन जवळपास ४०० लिटर पाणी पितं, कित्येक वाड्यांत तेव्हा टँकर चालू असतात आणि आपण भिंती धुतोय हे मला तरी बघवत नाही. औषध मारायचं ते पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर. तेव्हा शेवाळ ओलं, जिवंत असतं, औषध शोषून घेतं, विहिरीला पाणी असतं आणि पुढे पाच-सहा महिने कोरडे मिळतात. डिसेंबरात हलकं धुणं. दर्जा, कोपिंग, पन्हळ ही कामं जानेवारी-फेब्रुवारीत, गवंडीही तेव्हा मिळतो. रिपेलंट किंवा रंग मार्च-एप्रिलमध्ये, भिंत ठणठणीत वाळलेली असताना. चाकरमान्यांना हे जमणार नसेल तर दिवाळीच्या सुट्टीत निदान औषधाची फवारणी तरी करून जा, ते एका सकाळचं काम आहे.

पहिल्या वर्षी सगळं नीट केलं तरी उत्तरेकडच्या भिंतीवर, पन्हळीच्या जोडाखाली, पायऱ्यांच्या बाजूला कुठेतरी हिरवं येईलच. तेव्हा मशीन काढू नका. पावसात दोन दिवसांची उघडीप मिळाली की तेवढ्याच जागेवर बीकेसीचा फवारा मारा, आणि वर बघा पाणी कुठून ठिबकतंय. त्या जागेचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी परत आलं तर पन्हळीचा तो जोड आधी दुरुस्त करायचा.